बेसवाल्याचं गाणं : क्वीन, १९८० आणि अमेरिकेतला एक नंबर

खर्जातला

क्वीन या इंग्लिश रॉक बँडचा विषय निघाला की आपल्या गप्पा एक तर गायक फ्रेडी मर्क्युरीच्या पाचगणीच्या शाळेत जातात, नाही तर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'त. दोन्हींवर इथे भरपूर लिहून झालंय. हा धागा 'अनदर वन बाइट्स द डस्ट'चा. गाणं कसं आहे यापेक्षा ते सिंगल (एका गाण्याची सुटी रेकॉर्ड) म्हणून कसं बाहेर आलं आणि चार्टवर, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक यादीत, त्याचं काय झालं, यात मला जास्त रस आहे. हे सिंगल काढायचं बँडने ठरवलेलं नव्हतं, ड्रमरला तर गाणंच पसंत नव्हतं, लिहिलं होतं चौघांतल्या सगळ्यात अबोल माणसाने, बेस गिटार वाजवणाऱ्या जॉन डीकनने, आणि अमेरिकेत त्यांचं सलग सगळ्यात जास्त टिकलं तेच.

क्रम असा. 'द गेम' हा अल्बम आला ३० जून १९८० ला. पण त्यातलं पहिलं सिंगल, 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह', इंग्लंडात ऑक्टोबर १९७९ मध्येच दुकानात लागलं होतं. तिथे दोन नंबरपर्यंत गेलं आणि फेब्रुवारी १९८० मध्ये अमेरिकेत एक नंबर, चार आठवडे. क्वीनचा अमेरिकेतला हा पहिला एक नंबर. मग 'सेव्ह मी' आलं, इंग्लंडात ११. मग 'प्ले द गेम', इंग्लंडात १४ आणि अमेरिकेत ४२. म्हणजे चढती कमान वगैरे काही नव्हती, उतरण लागली होती. एरवी या टप्प्यावर कंपन्या अल्बम सोडून देतात.

तिथे ऑगस्टमध्ये हे चौथं सिंगल आलं. इंग्लंडात ईएमआयने काढलं, मागच्या बाजूला गिटारवाल्या ब्रायन मेचं 'ड्रॅगन अटॅक'. अमेरिकेत एलेक्ट्राने. ४ ऑक्टोबरला बिलबोर्डच्या हॉट हंड्रेडवर (अमेरिकेतला मुख्य चार्ट) एक नंबर, तीन आठवडे. पहिल्या दहात १५ आठवडे, त्यातले १३ तर पहिल्या पाचात. चार्टवर एकूण ३१ आठवडे. १९८० साली तिथे इतका काळ दुसरं कुठलंच गाणं टिकलं नाही. प्लॅटिनमही झालं, आणि तेव्हा सिंगल प्लॅटिनम व्हायला २० लाख प्रती लागायच्या.

आणि स्वतःच्या देशात? सात. सातच्या वर गेलंच नाही.

आता गाण्याबद्दल थोडं, कारण ते कळल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. रेकॉर्डिंग म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत झालं, सोबत निर्माता राइनहोल्ड मॅक. जॉन डीकनने बेस तर वाजवलाच, शिवाय गिटार, पियानो आणि टाळ्यासुद्धा बऱ्याचशा त्याच्याच. ड्रमर रॉजर टेलरला घुमणारे मोठे ड्रम आवडायचे आणि डीकनला हवा होता अगदी कोरडा, घट्ट आवाज. मग ड्रममध्ये ब्लँकेटं कोंबली. टेलरने थोडा वेळ वाजवून दिलं, त्याचा टेपचा लूप केला आणि तोच गाणंभर फिरवला. ब्रायन मे हार्मोनायझर (आवाजाची पट्टी बदलणारं यंत्र) लावून अधूनमधून गिटारचे आवाज टाकतो, बस्स. सुरुवातीला जो सूंऽऽ करत उलटा आवाज येतो त्याला लोक सिंथेसायझर समजतात. तो उलटी फिरवलेली टेप आहे. या गाण्यात सिंथेसायझर नाहीच (अल्बममध्ये आहे, आणि क्वीनच्या अल्बममध्ये पहिल्यांदाच).

फ्रेडी मात्र पहिल्यापासून डीकनच्या बाजूने. घशातून रक्त येईपर्यंत गायला, असं ब्रायन मेनेच सांगितलंय.

तर मुद्दा: घरच्या मैदानावर सात आणि परक्या मुलखात एक. असं का झालं असावं?

---

तबकडीवाला

धागा आवडला. पण 'शिक' या अमेरिकन डिस्को बँडचं नाव न घेता या गाण्यावर एवढं लिहिणं म्हणजे कमाल आहे हो.

त्यांचं १९७९ चं 'गुड टाइम्स' लावा आणि लगेच हे लावा. तीन ठोके, मग थांबा. दोन्हीकडे तेच. 'गुड टाइम्स'वर बर्नार्ड एडवर्ड्सचा बेस आहे, आणि डीकन आपल्या स्टुडिओत येऊन बसायचा हे एडवर्ड्सने स्वतः सांगितलंय. त्याची तक्रार उसनवारीबद्दल नव्हतीच. शिकनेच क्वीनची चाल ढापली असं काही लोकांनी लिहिलं, त्याचा त्याला राग होता. शिकचं गाणं वर्षभर आधीचं असताना!

आता यातली खरी गंमत. ४ ऑक्टोबरला क्वीन एक नंबरवर आलं, ते कोणाला खाली ढकलून? डायना रॉसच्या 'अपसाइड डाउन'ला. ते सप्टेंबरभर, चार आठवडे, वर होतं. आणि 'अपसाइड डाउन' लिहिलं कोणी, निर्माते कोण? शिकचेच नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स. स्वतःच्या बेसवरून सुचलेल्या गाण्याने स्वतःचं गाणं एक नंबरवरून उतरवलेलं बघायची वेळ त्या माणसावर आली.

---

नाक्यावरचा

म्हणजे सरळ चोरी म्हणा की. आपल्याकडच्या संगीतकारांनी हेच केलं की आपण पुरावे जोडून शंभर प्रतिसादांचे धागे काढतो. गोऱ्याने केलं की 'प्रेरणा'.

---

खर्जातला

@नाक्यावरचा, उचल आहेच, नाही कोण म्हणतंय? डीकनला शिकचं संगीत आवडायचं हे जगजाहीर आहे. पण वाजवून बघितलं की फरक बोटांना कळतो. एडवर्ड्स तीन ठोक्यांनंतर फिरायला निघतो, वर चढतो, मध्ये नक्षी करतो, नाचणाऱ्याला सोबत घेऊन जातो. डीकन जागचा हलत नाही. तेच ते, परत तेच ते, आणि मधल्या जागा रिकाम्या. 'गुड टाइम्स' ऐकून माणूस खुलतो, हे ऐकून जरा दबकतो. सुरुवात उसनी, स्वभाव वेगळा, असं माझं मत. आणि 'गुड टाइम्स'चा तोच बेस नव्याने वाजवून त्याच वर्षी शुगरहिल गँगने 'रॅपर्स डिलाइट' केलं. त्या बेसवर तेव्हा बऱ्याच जणांचा डोळा होता.

---

आकडेमोड

मूळ प्रश्नाकडे येतो. सात आणि एक हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात थोडा घोटाळा आहे, कारण हे दोन चार्ट एकच गोष्ट मोजत नव्हते.

इंग्लंडचा अधिकृत चार्ट तेव्हा ब्रिटिश मार्केट रिसर्च ब्युरो तयार करायचा. ठरावीक रेकॉर्डच्या दुकानांनी आठवड्यात कुठली सिंगलं विकली ते डायरीत लिहून पाठवायचं, त्यावरून यादी. म्हणजे फक्त विक्री. रेडिओवर गाणं दिवसातून वीस वेळा वाजो की एकदाही न वाजो, यादीला फरक नाही. अशा चार्टवर चाहत्यांचं वजन जास्त. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ज्यांना घ्यायचं ते घेऊन मोकळे होतात, गाणं झपकन चढतं आणि तितक्याच लवकर उतरतं. आता इथे बघा: अल्बम दोन महिने आधी आलेला, इंग्लंडात तोही एक नंबरला जाऊन आलेला. कट्टर चाहत्याकडे गाणं घरातच होतं. चौथं सिंगल तो कशाला घेईल?

हॉट हंड्रेडमध्ये विक्री आणि रेडिओ दोन्ही धरायचे. तेव्हाची पद्धतही ढोबळ होती. दुकानं आणि स्टेशनं आपापल्या याद्या कळवायची, नेमक्या प्रती कोणी मोजायचं नाही. बारकोडवरून खरी विक्री आणि यंत्राने मोजलेलं प्रसारण हॉट हंड्रेडमध्ये यायला नोव्हेंबर १९९१ उजाडलं. त्या जुन्या पद्धतीत रेडिओने धरून ठेवलेलं गाणं महिनोन्महिने हलायचं नाही. ३१ आठवड्यांमागे रेडिओचा हात मोठा आहे.

दुसरं, इंग्लंडात त्या दिवसांत गर्दी कसली होती तेही बघा. ऑगस्टअखेर डेव्हिड बोवीचं 'अॅशेस टू अॅशेस' एक नंबर, मग द जॅमचं 'स्टार्ट!', मग केली मरी, आणि सप्टेंबरच्या शेवटापासून चार आठवडे पोलिसचं 'डोन्ट स्टँड सो क्लोज टू मी'. या रांगेत सात म्हणजे वाईट नाही.

---

तळ्याकाठचा

शिकागोजवळ राहतो, म्हणून राहवलं नाही. रेडिओचा मुद्दा बरोबर आहे, पण कुठला रेडिओ ते सांगायला हवं.

१२ जुलै १९७९ ला इथल्या कोमिस्की पार्कवर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग मैदानात आणून स्फोटाने उडवला. कल्पना एका रॉक स्टेशनच्या निवेदकाची. लोक मैदानात घुसले, दुसरा सामना रद्द झाला. त्या रागात नुसती संगीताची आवडनिवड नव्हती. डिस्को हे काळ्यांचं, लॅटिनोंचं, समलिंगींचं संगीत म्हणून ओळखलं जायचं, आणि ते रसायनही त्यात होतं. त्यानंतर रॉक स्टेशनं डिस्कोचा वाससुद्धा नको म्हणायला लागली.

आणि पुढच्याच वर्षी क्वीनसारखा रॉक बँड हे गाणं आणतो! रॉकवाल्यांनी ते आधी उचललंच नाही. काळ्या श्रोत्यांच्या स्टेशनांनी ते अल्बममधून काढून वाजवायला घेतलं, आणि बँड कुठला, कोणत्या रंगाचा, याची बऱ्याच ऐकणाऱ्यांना कल्पनाही नव्हती. सिंगल काढा म्हणून मायकल जॅक्सन मागे लागला तोही याच सुमाराचा. क्वीनचे जुलैत लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये कार्यक्रम झाले, तिथे बॅकस्टेजला येऊन त्याने हे सांगितलं. 'ऑफ द वॉल'सारखा नाचाचा अल्बम नुकताच करून बसलेल्या माणसाला नाचायचं गाणं कळणार नाही तर कोणाला?

बिलबोर्डच्या सोल चार्टवर, म्हणजे काळ्यांच्या संगीताच्या यादीत, हे दोन नंबरपर्यंत गेलं. डिस्को चार्टवरही दोन. हॉट हंड्रेडवर एक. आणि अमेरिकन म्युझिक अवॉर्ड मिळालं ते मात्र 'आवडतं पॉप/रॉक सिंगल' म्हणून! ज्याला जे ऐकू आलं ते त्याने आपलं मानलं.

---

तबकडीवाला

@तळ्याकाठचा, उत्तम. यात एक भर. १९८० ची हॉट हंड्रेडची वसंत ऋतूतली यादी बघा. फेब्रुवारीअखेर क्वीनचं 'क्रेझी लिटल थिंग', चार आठवडे. त्याला उतरवलं पिंक फ्लॉइडच्या 'अनदर ब्रिक इन द वॉल, भाग २'ने, तेही चार आठवडे. त्याला ब्लाँडीच्या 'कॉल मी'ने, सहा आठवडे. लागोपाठ तीन बँड, तिघेही रॉकच्या घरातले, आणि तिघांनीही वर जाताना घरचा पोशाख बदललेला. क्वीनने एल्विसच्या काळातला, ब्लाँडीने डिस्कोच्या जॉर्जो मोरोडरसोबतचा. पिंक फ्लॉइडच्या गाण्याला डिस्कोचा ठोका लावायला लावला तो निर्माता बॉब एझरिनने. एरवी सिंगल काढायलाच नाखूश असलेला बँड तो.

डिस्को मेला म्हणून फटाके फोडले गेले त्याच्या पुढच्या वर्षीची ही यादी. ठोका तोच राहिला, वाजवणारे बदलले.

---

मिसळीचा_कट

मला रॉकमधलं ओ की ठो कळत नाही. पण धागा वाचताना आमच्या घरातला बुधवार आठवला. बिनाका गीतमाला, अमीन सायानी आणि पायदानं. त्या वर्षी इकडे 'डफलीवाले डफली बजा' पहिलं होतं ना? ती यादी कशी ठरायची ते @आकडेमोड यांना ठाऊक असेल तर सांगा.

(अवांतराबद्दल संपादकांनी हाणू नये.)

---

आकडेमोड

हो, १९८० च्या वार्षिक गीतमालेत तेच पहिलं. रेकॉर्डच्या दुकानांकडून विक्रीची माहिती आणि गावोगावच्या श्रोता संघांची पत्रं, असं दोन्ही मिळून यादी व्हायची. त्या अर्थाने गीतमाला इंग्लंडपेक्षा अमेरिकेच्या चार्टला जवळची. तिथे विक्रीच्या जोडीला रेडिओ, इथे पत्रं. झुमरी तलैयाच्या पोस्टकार्डांचं वजन कुठल्याही बारकोडात मावायचं नाही, ते सोडा.

---

नाक्यावरचा

'रॉकी ३'चा किस्सा कोणीच कसा टाकला नाही? सिल्व्हेस्टर स्टॅलोनला चित्रपटासाठी हेच गाणं हवं होतं. हक्क मिळाले नाहीत. मग त्याने सर्व्हायव्हर या बँडला नवीन गाणं करायला सांगितलं, ते 'आय ऑफ द टायगर'. १९८२ मध्ये अमेरिकेत सहा आठवडे एक नंबर, इंग्लंडात चार आठवडे एक नंबर. क्वीनच्या नकारावर दुसऱ्याचं घर उभं राहिलं आणि तेही यांच्यापेक्षा मोठं.

---

भूलशास्त्री

आमच्या धंद्यातली माहिती. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब द्यायचे ते मिनिटाला १०० ते १२० या गतीने. या गाण्याची गती ११० च्या आसपास, म्हणजे बरोब्बर मधली. शिकवताना 'स्टेइंग अलाइव्ह'चं ('जिवंत राहणं') नाव घेतात ते सभ्यपणा म्हणून. गती क्वीनचीही तितकीच चोख आहे, पण नावाचाच अर्थ 'आणखी एक गेला', तेव्हा नातेवाईकांसमोर हे गुणगुणू नका.

---

खर्जातला

@भूलशास्त्री, दंडवत.

@तळ्याकाठचा, तुमच्या प्रतिसादाने माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर दिलं, उरलेलं @आकडेमोड यांनी. हे गाणं अमेरिकेत चाललं ते क्वीनचं म्हणून चाललंच नाही, अशा निष्कर्षाला मी आलोय. इंग्लंडात गिऱ्हाईक क्वीनचं होतं आणि त्याला 'ऱ्हॅप्सडी'वाला बँड हवा होता. अमेरिकेत गिऱ्हाईक गाण्याचं होतं.

आणि बँडने हे गिऱ्हाईक आपलं समजून पुढचा डाव मांडला. मे १९८२ चा 'हॉट स्पेस' हा अल्बम बघा. बेसच्या जागी जागोजाग सिंथेसायझर, गिटार कोपऱ्यात. त्यातलं 'बॉडी लँग्वेज' अमेरिकेत ११ वर गेलं, इंग्लंडात २५ वर अडकलं. डीकनचं 'बॅक चॅट' इंग्लंडात ४०. सोल चार्टवरचे लोक परत आले नाहीत आणि रॉकवाले आधीच रुसलेले. १९८० च्या दौऱ्यातच फ्रेडीच्या मिशा बघून अमेरिकेतले प्रेक्षक स्टेजवर दाढीची पाती फेकायचे, त्यांना हा अल्बम कुठला पचायला!

मग १९८४ मध्ये त्याच डीकनचं 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री'. इंग्लंडात तीन नंबर, अमेरिकेत ४५. चार वर्षांत आकडे पार उलटे. चौघांनी बायकांचे कपडे घातलेल्या व्हिडिओने अमेरिकेत काम बिघडवलं म्हणतात. इंग्रज प्रेक्षकाला तो आपल्याच एका टीव्ही मालिकेवरचा विनोद कळला, अमेरिकनाला नाही. पण दुरावा 'हॉट स्पेस'पासूनच पडला होता, व्हिडिओवर सगळं खापर फोडणं मला पटत नाही.

पुढे फ्रेडी असेपर्यंत क्वीनचा अमेरिकेत एकही दौरा झाला नाही, १९८२ चा शेवटचा. आणि जुलै १९८५ च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीतल्या त्यांच्या गाजलेल्या वीस मिनिटांत 'अनदर वन' नाही. सहा गाणी वाजली, त्यांत 'क्रेझी लिटल थिंग' होतं, हे नव्हतं.

---

तबकडीवाला

'हॉट स्पेस'ला एवढं झोडपू नका राव. 'अंडर प्रेशर' त्याच अल्बममध्ये आहे. सिंगल आधी आलं, १९८१ मध्ये, बोवीसोबत. इंग्लंडात एक नंबर, अमेरिकेत २९. म्हणजे बघा, डीकनची बेसची दोन सगळ्यात ओळखीची वाक्यं, एक अमेरिकेत पहिलं आणि इंग्लंडात सातवं, दुसरं इंग्लंडात पहिलं आणि अमेरिकेत कुठेतरी खाली. दोन्ही देशांचं एकाच वेळी समाधान त्या बिचाऱ्याला कधी जमलं नाही.

आणि माणूस किती साधा! चेल्सी कॉलेजातला इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. कचऱ्याच्या पेटीत सापडलेल्या सर्किटपासून त्याने छोटा अॅम्प्लिफायर बनवला आणि ब्रायन मेने तो वर्षानुवर्षं रेकॉर्डिंगला वापरला. १९९७ नंतर संगीतातून निवृत्त, मुलाखत नाही, काही नाही. क्वीनवरच्या २०१८ च्या चित्रपटात बाकीचे भांडत असताना तो कोपऱ्यातून ही बेसची ओळ सुरू करतो, तेवढा प्रसंग मला पूर्ण चित्रपटात आवडला.

---

नाक्यावरचा

फ्रेडीबद्दल एवढंच? आमच्या सातारा जिल्ह्यात शिकलेला पोरगा आहे तो. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये असताना 'हेक्टिक्स' बँडमध्ये पियानो वाजवायचा, माहितीये ना? धागा बेसवाल्याचा असला म्हणून काय झालं.

---

खर्जातला

माहितीये, म्हणून तर पहिल्याच वाक्यात पाचगणी आटोपून घेतली. :) पण या गाण्यात फ्रेडीने जे केलं त्याचं मोल मला त्याच्या मोठ्या गाण्यांइतकंच वाटतं. चाल त्याची नाही, शब्द त्याचे नाहीत, नेहमीचे मनोरे बांधायला जागा नाही. गाण्यात आवाजाखाली काहीच नाही, बेस आणि ठोका, आणि तो त्यावर अक्षरं आपटत जातो. दुसऱ्याच्या गाण्यावर एवढा विश्वास टाकून घसा फाडणं हे सगळ्या गायकांना जमत नाही.

---

आकडेमोड

एक आकडा राहिला. १९९८ मध्ये वायक्लेफ जाँने याच गाण्याचं रॅप मिश्रण केलं, सोबत प्राझ आणि फ्री. क्वीनच्याही नावावर निघालेलं ते सिंगल इंग्लंडात पाचपर्यंत गेलं. म्हणजे मूळ गाण्यापेक्षा दोन पायऱ्या वर, अठरा वर्षांनी.

---

नाक्यावरचा

घ्या! घरच्या चार्टवर स्वतःच्याच गाण्याकडून हरले.

---

तबकडीवाला

आणि अजून एक बघा. डीकनने क्वीनसाठी लिहिलेलं पहिलं गाजलेलं सिंगल 'यू आर माय बेस्ट फ्रेंड', १९७६. इंग्लंडात नंबर किती? सात.

---

आकडेमोड

अमेरिकेत १६. तपासलं.